गावभागातील एका घरगुती संगणकाचे प्रकरण : मंदपणा, झिणझिण्या आणि अवेळी रीस्टार्ट

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या एका निवृत्त मराठी शिक्षकांच्या घरातील संगणकाचे हे प्रकरण आहे. घरात सर, बाई, मुलगा, दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब घरूनच टॅलीवर लिहिणारी सून आणि दहावीतील नात अशी माणसे असून संगणक सगळ्यांत मिळून एकच आहे. २०१४ मध्ये सुटे भाग जुळवून घेतलेल्या या यंत्रात इंटेलचा चौथ्या पिढीतील कोअर आय३-४१५० हा प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम आणि मिनिटाला ७२०० फेरे घेणारी ५०० जीबीची हार्ड डिस्क होती. मूळचे विंडोज ७ होते. २९ जुलै २०१६ पर्यंत चाललेल्या मोफत सवलतीत त्याचे विंडोज १० झाले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरले, तेव्हा कॅबिनेट वेळीच माडीवर नेल्यामुळे यंत्र वाचले. पुराचा या प्रकरणाशी असलेला संबंध मात्र पुढे वेगळ्याच ठिकाणी निघाला.

२०२५ च्या दिवाळीनंतर सुनेने यंत्र एका दुकानात नेले. तेथे कॅबिनेट न उघडताच “आता नवीनच घ्या” असे सांगण्यात आले. तक्रार अशी होती की, संगणक सुरू होऊन कामाला लागेपर्यंत चहा करून पिऊन होत असे, टॅली उघडताना पडदा गोठत असे आणि बँकेचे संकेतस्थळ अधूनमधून “सुरक्षित नाही” असे दाखवीत असे. आणखी एक गोष्ट घरच्यांनी तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती, ती बोलता बोलता कळली. अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत, म्हणून सर पायात चप्पल घालून संगणकावर बसत. या सगळ्यांवर घरातील आणि दुकानातील निदान एकच होते, ते म्हणजे यंत्र जुने झाले.

यंत्र तपासणाऱ्या मला हे निदान मान्य नव्हते. जुनेपणा हे वय आहे, बिघाडाचे कारण नव्हे. कोणता भाग कोणत्या तक्रारीला जबाबदार आहे, हे कळल्याशिवाय नवीन यंत्र घेणे आणि जुन्यावर खर्च करणे हे दोन्ही निर्णय सारखेच आंधळे ठरतात. म्हणून सुरुवातीलाच एक वही घातली. तीत प्रत्येक तक्रार, ती केव्हा घडते त्याची वेळ आणि केलेला प्रत्येक बदल तारखेसह लिहायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरले. वही सुनेने सांभाळली, आणि पुढे रीस्टार्टचा उलगडा झाला तो मुख्यतः त्या वहीमुळेच.

डिस्क काय सांगत होती

मंदपणाचा शोध टास्क मॅनेजरपासून सुरू केला. प्रोसेसरचा वापर दहा-पंधरा टक्क्यांच्या आत होता, पण डिस्कचा वापर सतत १०० टक्के दिसत होता आणि त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन-लेखन सेकंदाला एक-दोन एमबीच चालले होते. पूर्ण व्यग्र असूनही जवळजवळ काहीच काम न करणारी डिस्क पाहून अनेकांना व्हायरसची शंका येते. वास्तविक यात गूढ काही नाही. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, आणि डोके योग्य पट्ट्यावर नेण्यासाठी आणखी आठ-नऊ मिलिसेकंद जातात. त्यामुळे निरोगी हार्ड डिस्कसुद्धा विखुरलेले तुकडे सेकंदाला साधारण ७५ ते ८० वेळाच वाचू शकते. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. त्यात रॅम अपुरी असली, तर रॅममध्ये न मावणारा मजकूरही विंडोज याच डिस्कवर ठेवते आणि पुन्हा तेथूनच उचलते.

या यंत्रात मात्र निरोगी डिस्कपेक्षाही वाईट अवस्था होती, कारण एकेका वाचनाला लागणारा वेळ मध्येच कित्येक सेकंदांवर जात होता. म्हणून क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅमने डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी पाहिल्या. या नोंदींत तीन ओळी विशेष महत्त्वाच्या असतात. पहिली, बाद ठरवून बदललेल्या सेक्टरांची, म्हणजे डिस्कवरील साठवणीच्या छोट्या कप्प्यांची, संख्या. दुसरी, वाचता न आल्यामुळे निकालाविना पडून असलेल्या सेक्टरांची संख्या. तिसरी, डेटा केबलमध्ये झालेल्या चुकांची संख्या. तिसरीच वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा असतो आणि काही रुपयांत काम भागते. येथे ती शून्य होती, तर दुसऱ्या ओळीत “१८” दिसत होते. हा प्रोग्रॅम मूळ आकडे सोळाच्या पायातील पद्धतीने दाखवतो, म्हणून तेथील १८ म्हणजे आपले २४. चोवीस सेक्टर वाचले जात नव्हते, आणि त्यांपैकी एखाद्यावर आदळले की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत बसे. यंत्र गोठायचे ते त्या वेळी.

या टप्प्यावर घरोघरी एक गोष्ट केली जाते आणि ती टाळावी असे मी कळकळीने सांगेन. डिस्क बिघडल्याचे दिसताच लोक तिच्यावर दुरुस्तीचा दीर्घ स्कॅन लावतात. तो स्कॅन मरू घातलेल्या डिस्कचा पृष्ठभाग पहिल्यापासून शेवटपर्यंत घासून काढतो आणि आतील फायली बाहेर काढण्याआधीच तिचे उरलेले आयुष्य संपवू शकतो. आधी प्रत घ्यावी आणि दुरुस्तीचा विचार नंतर करावा. बहुतेक वेळा त्याची गरजही उरत नाही.

प्रत कशाची घ्यायची

छायाचित्रे, टॅलीचा डेटा आणि नातीचे प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर उतरवायला फारसे कष्ट पडले नाहीत. नेहमीच्या कॉपी-पेस्टमध्ये एक फाईल अडली की सगळे काम थांबते, म्हणून विंडोजमध्ये आधीच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा वापरली. ती अडलेली फाईल वगळून पुढे जाते आणि शेवटी वगळलेल्यांची यादी देते. मात्र काही न सांगता चालवली, तर एकेका अडलेल्या फाईलसाठी ती दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करण्याच्या तयारीत बसते. म्हणून एकच फेरप्रयत्न आणि एक सेकंदाची वाट, हे तिला सुरुवातीलाच बजावावे लागते.

सरांच्या लेखनाचा प्रश्न मात्र नाजूक होता. गावभागातील जुन्या वाड्यांच्या नोंदी आणि एका कुलवृत्तांताचा मसुदा त्यांनी वर्षानुवर्षे सी-डॅकच्या आयएसएम या मराठी टायपिंगच्या प्रोग्रॅममध्ये, डीव्हीबी-टीटी सुरेख या फाँटात टाइप केला आहे. अशा जुन्या फाँटांत फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेले असतात ते रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतांक, आणि त्यांच्या जागी देवनागरी आकार काढून दाखवण्याचे काम फाँट करतो. फाईल जपली आणि फाँट गेला, तर उरते ती निव्वळ इंग्रजी अक्षरांची खिचडी. महाराष्ट्रातील असंख्य घरांत, छोट्या छापखान्यांत आणि संस्थांच्या कपाटांत असा मजकूर पडून आहे, आणि तो संगणक बदलण्याच्या दिवशी हातचा जातो याचे मला फार वाईट वाटते. म्हणून येथे फाँटांचा पूर्ण फोल्डर वेगळा उतरवला आणि मशीन जिवंत असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या फाईलची पीडीएफ करून घेतली, कारण पीडीएफमध्ये फाँट आतच बसवला जातो आणि तो मजकूर कोणत्याही यंत्रावर जसाच्या तसा वाचता येतो. वगळलेल्या फायलींच्या यादीत सुदैवाने तात्पुरत्या फायलींखेरीज सरांच्या एका टिपणाचीच फाईल होती, आणि तिची आधीची प्रत त्यांच्या पेन ड्राइव्हवर सापडली.

सगळे उतरवून झाल्यावर प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. न उघडून पाहिलेली प्रत मी प्रत मानत नाही.

काय बदलले आणि काय बदलले नाही

एच८१ चिपसेटला साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची, चार तोंडे मिळतात. त्यांतील दोन सेकंदाला ६ गिगाबिट वेगाची आणि दोन ३ गिगाबिटची असतात. जुनी हार्ड डिस्क संथ तोंडाला लावलेली होती, आणि तिच्या वेगाला त्याने फरक पडत नव्हता. तिच्या जागी बसवायची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, मात्र जलद तोंडालाच लावायला हवी. मदरबोर्डच्या पुस्तिकेत किंवा तोंडाशेजारी छापलेल्या क्रमांकावरून ते ओळखता येते. अलीकडच्या लॅपटॉपांत दिसणारी एनव्हीएमई पट्टी, म्हणजे एसएसडीचाच आणखी जलद प्रकार, या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर थेट बूट होत नाही, त्यामुळे तिच्या वेगाच्या जाहिरातींकडे लक्ष न देता ५०० जीबीची साधी साटा एसएसडी घेतली. या तोंडावर तिचा वेग सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास थांबतो, पण घरच्या कामात जाणवतो तो हा आकडा नव्हे. विखुरलेले तुकडे जेथे ७५-८० वेळा वाचले जात होते, तेथे ते आता सेकंदाला हजारो वेळा वाचले जातात, आणि खरा फरक तेथे पडतो.

रॅमच्या बाबतीत एक अडथळा होता. मूळ विंडोज ३२ बिटचे बसवलेले होते, आणि सवलतीत वर चढवलेले विंडोज १० हेही ३२ बिटचेच राहिले होते. घरगुती विंडोजची ३२ बिट आवृत्ती ४ जीबीच्या वरची रॅम वापरत नाही, आणि त्या ४ जीबीतलाही काही भाग इतर भागांच्या पत्त्यांसाठी जातो, म्हणून या यंत्रात प्रत्यक्षात सव्वातीन जीबीच्या आसपासच रॅम हाती येत होती. नुसती नवी पट्टी खोचली असती, तर एक रुपयाचाही फायदा झाला नसता. ३२ बिटवरून ६४ बिटवर जायचे तर विंडोज नव्याने बसवण्याखेरीज मार्ग नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर करण्याचा सोपा पर्याय त्यामुळे सोडून दिला. परवान्याची अडचण आली नाही. विंडोज १० चा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, तो ३२ आणि ६४ बिट दोन्हींना चालतो, आणि आधी होती तीच होम आवृत्ती बसवून इंटरनेटला जोडताच तो आपोआप लागू झाला.

रॅमची पट्टी जुन्या बाजारातून परत घेण्याच्या अटीवर आणली, कारण नवी डीडीआर३ आता सहज मिळत नाही. येथे खरेदीदाराने एक काळजी घ्यावी. बाजारात ८ जीबीच्या काही स्वस्त डीडीआर३ पट्ट्या “फक्त एएमडीसाठी” असतात; त्यांच्या चिपांची रचना वेगळी असल्यामुळे इंटेलच्या बोर्डावर त्या चालत नाहीत. आम्ही आधीच्याच क्षमतेची १६०० मेगाहर्ट्झची ४ जीबीची दुसरी पट्टी घेतली. दोन सारख्या पट्ट्यांमुळे रॅमकडे जाणाऱ्या दोन्ही मार्गिका एकदम चालतात, आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात त्याचा उपयोग होतो, कारण तेथे पडद्याचे कामही याच रॅममधून चालते. बसवल्यावर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. एकही चूक निघाली नाही.

बँकेच्या संकेतस्थळाची तक्रार सर्वांत किरकोळ निघाली. मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही बटणाच्या आकाराची बॅटरी संपल्यामुळे वीज पूर्ण बंद झाली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जात होते, आणि तारीख चुकली की ब्राउझरला बँकेचे प्रमाणपत्र अवैध वाटते. बॅटरी बदलण्यापूर्वी बायॉसच्या, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या, सर्व पानांचे मोबाईलवर फोटो काढले. बॅटरी काढल्यावर सेटिंग मूळपदावर जाते, त्यात डिस्कशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत बदलून जुनी आयडीई झाली तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, आणि बॅटरीसारख्या क्षुल्लक कामानंतर डिस्क गेली असा समज होतो. याच वेळी प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट बदलला आणि पंखा साफ केला.

यंत्र आता अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागले.

सरांचे आयएसएम मात्र बसेना. त्याचा जुना इन्स्टॉलर १६ बिटचा आहे, आणि ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत. ही शक्यता आधीच सांगितलेली असल्यामुळे सरांना धक्का बसला नाही. जुने फाँट नव्या विंडोजवर बसले, म्हणून जुन्या फायली उघडून वाचता येऊ लागल्या. शिवाय सर पूर्वीपासून इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप करीत आले आहेत, आणि विंडोजमधला मराठीचा कळफलक हा तोच आहे. त्यामुळे वयाच्या सत्तरीत त्यांना बोटांची सवय मोडावी लागली नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीत, दीड पान लिहिले.

रीस्टार्टचे कोडे

पुढच्या आठवड्यात नवी तक्रार आली. संगणक मध्येच काही न सांगता बंद होऊन पुन्हा सुरू होतो. घरच्यांना साहजिकच नव्या भागांचा, विशेषतः जुन्या बाजारातील रॅमचा, संशय आला. नवा भाग बसवल्यानंतर घडलेली प्रत्येक गोष्ट त्या भागामुळे घडली असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तपासात ते पुरावा म्हणून चालत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीमध्ये प्रत्येक वेळेसाठी कर्नल-पॉवर ४१ ही नोंद होती. या नोंदीचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. नावात पॉवर असले, तरी ती एवढेच सांगते की यंत्र व्यवस्थित बंद न होता पुन्हा सुरू झाले. कारण वीज असेल, उष्णता असेल किंवा कोणी बटण दाबून धरले असेल. तपमान पाहिले, तर पेस्ट बदलल्यामुळे ते पूर्ण भारावरही ७० अंशांच्या खाली होते. मेमटेस्ट पुन्हा चालवले, निर्दोष निघाले.

तेव्हा बाजूला ठेवलेली जुनी हार्ड डिस्क यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या यंत्राला जोडली आणि तिच्यावरील विंडोजच्या फोल्डरातून सिस्टम लॉगची फाईल काढून उघडली. त्या लॉगमध्ये एसएसडी आणि रॅम येण्याच्या कित्येक महिने आधीपासून ४१ क्रमांकाच्या नोंदी होत्या. म्हणजे हा दोष जुनाच होता. पूर्वी यंत्र इतके मंद होते की घरचे ते दिवसातून फारच कमी वेळ लावत, आणि बंद पडले तर “लाइट गेली असेल” म्हणून विषय संपत असे. नव्या भागांवरचा आरोप या एका फाईलने खोडून काढला. जुनी डिस्क पुसण्याची घाई केली असती, तर हा पुरावा मिळाला नसता.

आता वही उपयोगी पडली. सुनेने लिहिलेल्या वेळा पाहिल्या, तर रीस्टार्ट बहुतेक सकाळी सात-साडेसातला आणि संध्याकाळी होत होते. सकाळी बाई टाकीत पाणी चढवण्यासाठी अर्ध्या एचपीची मोटर लावतात. संध्याकाळच्या वेळा लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होण्याच्या वेळांशी जुळत होत्या. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते, आणि जुन्या बारीक वायरिंगमध्ये तेवढ्यापुरता दाब घसरतो. इन्व्हर्टर बदली होतानाही काही मिलिसेकंद पुरवठा तुटतो. ही खाच भरून काढण्याची जबाबदारी संगणकाच्या एसएमपीएसची, म्हणजे घरची वीज बदलून आतील भागांना देणाऱ्या डब्याची, असते. एटीएक्स मानकाप्रमाणे मेन्स गेल्यावरही एसएमपीएसने सुमारे १६-१७ मिलिसेकंद पुरवठा टिकवला पाहिजे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे ही मुदत जेमतेम एका आवर्तनाहून थोडी कमी आहे. अकरा वर्षांत एसएमपीएसमधील वीज क्षणभर साठवणारे कपॅसिटर सुकत जातात आणि ही मुदत घटते.

मल्टीमीटरने १२ व्होल्टची तार तपासली, तर ११.९ व्होल्ट मिळाले. मानकाची मर्यादा ११.४ ते १२.६ अशी आहे, म्हणून हा आकडा उत्तम ठरतो. पण क्षणभराची घसरण साध्या मीटरवर दिसत नाही, आणि या मोजणीवर विसंबून एसएमपीएसला निर्दोष ठरवणे हीच या प्रकारच्या दोषातील नेहमीची दिशाभूल आहे. खात्रीचा मार्ग अदलाबदलीचा होता. दुसऱ्या यंत्रातील चांगला एसएमपीएस तात्पुरता लावला आणि मोटर पुन्हा पुन्हा सुरू केली. संगणक हलला नाही. जुना परत लावताच मोटरीसरशी रीस्टार्ट झाला. दोष नव्या भागाने जातो हे पुरेसे नाही, जुना परत लावल्यावर तो परत येतो हेही पाहावे, कारण तोंडाची सैल पिन काढून घालतानाच नीट बसली असण्याची शक्यता त्याशिवाय वगळता येत नाही.

नवा एसएमपीएस निवडताना वॅटच्या मोठ्या आकड्याला महत्त्व दिले नाही. या यंत्रात ५४ वॅटचा प्रोसेसर आहे, वेगळे कार्ड नाही, आणि एकूण ओढ १०० वॅटच्या आतच राहते. जुन्यावरही ४५० असेच छापलेले होते. त्याऐवजी ८० प्लस ब्राँझ हे कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला घेतला. घरचा इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे हे आधी पाहून घेतले, कारण ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारी जोडणी) असलेले काही एसएमपीएस चौरस लहरीच्या इन्व्हर्टरवर अडखळतात. बसवताना २४ पिनांच्या मुख्य जोडणीबरोबर प्रोसेसरजवळची ४ पिनांची जोडणी लावायची असते. ती विसरली की पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही. जुना एसएमपीएस उघडून कपॅसिटर बदलण्याची सरांच्या मुलाची इच्छा होती, ती मी स्पष्ट शब्दांत नाकारली. त्याच्या मुख्य कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असते आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहू शकते.

झिणझिण्या

ही तक्रार मी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, कारण अनेकजण ती रीस्टार्टशी जोडतात आणि या घरात तसा संबंध नव्हता. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीतील छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग चांगले असेल, तर तेथील अत्यल्प करंट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल, तर पत्रा फेजच्या निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट मिलिअँपिअरच्या आत असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्यांचा अर्थ असा की घरात खरी गळती झाली तर तिला जायला वाट नाही. चप्पल घालून बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

वायरमनने मोजले तेव्हा फेज-न्यूट्रल २२८ व्होल्ट आणि फेज-अर्थ १४० च्या आसपास, तेही अस्थिर, असे आकडे आले. हे दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. अंगणातील अर्थिंगचा खड्डा उघडला, तर पाइपाला जोडणारी पट्टी आणि नटबोल्ट गंजून सुटलेले होते. २०१९ च्या पुरात हा खड्डा पाण्याखाली होता आणि त्यानंतर तो कोणी उघडलेला नव्हता. पट्टी बदलली, खड्डा नव्याने भरला आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, बसवून घेतला. झिणझिण्या त्याच दिवशी थांबल्या. हे काम नवा एसएमपीएस येण्याच्या आधीचे आहे, आणि त्यानंतरही रीस्टार्ट चालूच होते, अशी वहीत नोंद आहे. नदीकाठच्या ज्या ज्या घरांत पुराचे पाणी आले होते, तेथे अर्थिंग एकदा मोजून घ्यावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

विंडोज १० चे काय

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित आधार देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. हे यंत्र त्यात बसत नाही. अट चुकवून ते बसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला अद्ययावत सुधारणा मिळतील याची हमी कंपनी देत नाही, आणि ज्या संगणकावर दुसऱ्यांचे हिशेब आहेत तेथे तो धोका घेऊ नये असे मला वाटते. घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा सुधारणांची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती लागते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्जचे सिंक चालू ठेवल्यास पैसे पडत नाहीत. या यंत्राची तशी नोंदणी केली आहे.

त्या तारखेनंतरचा निर्णय घरच्यांनी दोन भागांत घेतला. टॅलीचे काम सून तोपर्यंत स्वतंत्र लॅपटॉपवर नेणार आहे. हे यंत्र लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर सरांकडे आणि नातीकडे राहील. पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिले, तेव्हा इनस्क्रिप्ट, छपाई आणि इंटरनेट या तिन्ही गोष्टी चालल्या. सरांच्या सुरेखमधील फायली त्याआधी युनिकोडमध्ये आणायच्या आहेत. रूपांतराचा प्रोग्रॅम बहुतेक मजकूर नीट बदलतो, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि काही जोडाक्षरे जागा सोडतात. म्हणून एकेक पान पीडीएफशी ताडून पाहावे लागते, आणि ते काम सर रोज सकाळी करतात.